लाल गाठीपुढचे दोन हात

मार्गशीर्ष शुद्ध नवमी, बुधवार. सकाळी माळावर दाट धुके होते, ते दहाच्या सुमारास विरले. दुपारी ऊन कोवळे, वारा उत्तरेचा आणि कोरडा. त्या दिवशी माळावरच्या एका गावात, घोंगड्या विणणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या दारात एक व्यापारी येऊन उभा राहिला. आत डोकावताच त्याची समजूत झाली की या घरात कोणीतरी गेले असावे.

समोर पाच माग होते आणि पाचही गप्प होते. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून कोणी बसले नव्हते. अर्धवट विणलेल्या पट्ट्यांवर जुनी फडकी पांघरलेली होती. एक विणकर भिंतीशी बसून लाकडात काहीतरी कोरत होता. दुसरा उरल्यासुरल्या लोकरीची पिशवी गुंफीत होता. तिसरा खिडकीपाशी बसून नुसताच माळाकडे पाहत होता. स्वतः म्हातारा कारागीर अंगणात चुलीवर मडके चढवून त्यात हिरवट, उग्र वासाचे काही ढवळीत बसला होता. त्याला सारे गाव तात्या म्हणे.

“कोण गेलं म्हणायचं, तात्या?” व्यापाऱ्याने आवाज खाली घेऊन विचारले.

“कोणी नाही. बुधवार आहे.”

“बुधवार म्हणजे काय सुतकाचा वार?”

ओसरीवर चातीने लोकर कातणारी हौसाक्का मान वर न करता म्हणाली, “सुतक दहा दिवसांचं असतं, शेठ. हे अर्ध्या दिवसाचं. तुम्हाला आंघोळ करायला नको.”

मग तात्यांनी त्याला घरची रीत सांगितली. रविवारी बाजार, म्हणून माग बंद. उरलेल्या सहा दिवसांत साडेपाच दिवस मागणीचे. बुधवारी सकाळी उभ्या धाग्यांचे नवे ताणे घालायचे, तुटके दुरुस्त करायचे, आणि सूर्य माथ्यावरून कलला की पट्टी जिथवर आली असेल तिथे कडेला लाल दोऱ्याची एक गाठ मारायची आणि वर फडके टाकायचे. गुरुवारी सकाळी फडके काढायचे, गाठ सोडायची आणि पुढे विणायला लागायचे. मधली दुपार ज्याची त्याची. त्या दुपारी मागणीच्या कामाला हात लावायचा नाही आणि ‘काय केलंस, काय झालं’ असे कोणी कोणाला विचारायचे नाही.

“आणि गुरुवारी जर कोणाचं ते खेळणं संपलं नसेल तर?” शेठने हसून विचारले.

“तर ते पुढच्या बुधवारपर्यंत खुंटीवर.”

हे खरे होते. कोपऱ्यातल्या सहाव्या, जुन्या मागावर बसलेल्या मायाप्पा नावाच्या विणकराला ते चांगले आठवत होते. तीन वर्षांपूर्वी त्याला एका कल्पनेने झपाटले आणि तो गुरुवारी, शुक्रवारीही तिच्यातच गुंतून राहिला, तेव्हा तात्यांनी त्याच्या मागावरची जादा दोऱ्यांची चौकट काढून आढ्याच्या खुंटीवर टांगली होती. तिशीच्या घरातला, बायको-मुलांचा माणूस. पण त्या दिवशी पोरासारखा रुसला होता.

मायाप्पाची कल्पना अशी होती. मागाचा पन्हा जेमतेम सव्वा हात. म्हणून प्रत्येक घोंगडीच्या दोन पट्ट्या विणायच्या आणि मधोमध शिवायच्या. घोंगडी विरण्याआधी ती शिवण उसवते. पांघरणाऱ्याला नेमकी छातीवर थंडी लागते. मायाप्पाला वाटे, एकाच मागावर दोन थर एकावर एक विणावेत, एका कडेने जोडलेले. मागावरून काढून पुस्तकासारखे उघडले की अडीच हात रुंदीची बिनशिवणीची घोंगडी तयार. सुताच्या कापडात हे जमण्यासारखे होते. पण लोकर ती लोकर. खालच्या थराचे केस वरच्या थराला धरून बसत आणि कापड उघडता उघडत नसे. तीन वर्षांत त्याने अकरा कापडे विणली होती. त्यांतले सगळ्यांत बरे सहा हात लांबीपैकी अडीच हातांपर्यंत उघडले होते.

शेठ त्याच्या मागाशी येऊन उभा राहिला. “हे काय रे?”

मायाप्पाने उत्साहाने सांगितले. शेठने ऐकून घेतले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचे डोके बोटांच्या पेरांवर चाले.

“किती वर्षं चाललंय?”

“तीन.”

“विणलीस किती?”

“अकरा.”

“पांघरली कोणी?”

मायाप्पाने एक धागा उगाच सरळ केला.

“तीन वर्षांच्या बुधवारांत माझ्या किती घोंगड्या बसतात ठाऊक आहे तुला?” शेठने पेरांवर अंगठा फिरवला. “सदतीस. सदतीस माणसं या थंडीत पांघरून झोपली असती. आणि तू इथं चिकटलेलं कापड सोडवत बसलायस!”

तात्या अंगणातून आले. हाताला हिरवा रंग लागला होता. “शेठ, हा प्रश्न या घरात विचारत नाहीत. तुम्ही पाहुणे म्हणून माफ. काम काय ते बोला.”

काम मोठे होते. पौषी पौर्णिमेला पलीकडच्या तालुक्यात जत्रा भरे. शेठच्या गाड्या पौष शुद्ध अष्टमीच्या गुरुवारी निघायच्या होत्या. त्याला पंचावन्न घोंगड्या हव्या होत्या.

“पन्नास होतील,” तात्या म्हणाले.

“मी हिशेब केलाय तात्या. मधे चार बुधवार येतात. तेवढ्या चार दुपारी द्या, बरोबर पंचावन्न होतात.”

“तुमचा हिशेब बरोबर आहे. पन्नास होतील.”

“बरं, आणखी एक सांगतो.” शेठने ओसरीवर बैठक मारली. “बुधवार सोडा, मी तुम्हाला बारा महिन्यांची ठरीव मागणी देतो. उन्हाळ्यातसुद्धा पाचही माग चालतील. फाल्गुनात तुमचे हात रिकामे असतात, ते मला माहीत आहे. नाहीतर नदीपलीकडे आता दहा मागांचा कारखाना झालाय. तिथं बुधवार, गुरुवार सगळे सारखेच.”

ओसरीवरची चाती थांबली. खिडकीतल्या माणसाने मान वळवली. बारा महिन्यांची मागणी म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला न सांगता कळत होते.

“पन्नास,” तात्या म्हणाले. “गुरुवारी.”

शेठ उठला. धोतराचा सोगा झटकला. “ठीक आहे. पन्नास तर पन्नास. त्या दिवशी पुन्हा विचारीन.” जाता जाता तो मायाप्पाकडे वळून म्हणाला, “सदतीस, हं!”

तो आकडा मायाप्पाच्या अंगात काट्यासारखा मोडून राहिला. पुढच्या बुधवारी तो आपल्या मागावर बसला, तेव्हा बारावे कापड निम्म्याला आले होते. या वेळी त्याने दोन थरांमध्ये गुळगुळीत वेताच्या काड्या ठेवून पाहिल्या होत्या. पण प्रत्येक काडी सरकवताना त्याच्या मनात येई, ही कोणाची घोंगडी? कोण कुडकुडतोय? त्याच्यापुढच्या बुधवारी तो खिडकीशी जाऊन बसला आणि माळाकडे पाहूनही त्याला माळ दिसला नाही.

त्यातच अमावास्येच्या आठवड्यात त्याच्या हातून चूक झाली. ताण्याच्या धाग्यांना चिंचोक्यांची खळ लावतात, म्हणजे विणताना ते तुटत नाहीत. थंडी कडाक्याची, खळ नेहमीपेक्षा दाट झाली होती. ती पुन्हा शिजवून पातळ करायची सोडून त्याने तशीच फासली. ताणा वाळून काडीसारखा कडक झाला आणि विणायला बसताच धागे पटापट तुटू लागले. सांधता सांधता दीड दिवस गेला.

पौष शुद्ध सप्तमी, बुधवार उजाडला, तेव्हा एकोणपन्नास घोंगड्या ओसरीवर रचून ठेवल्या होत्या. पन्नासावीची एक पट्टी तयार होती. दुसरी मायाप्पाच्या मागावर होती. सकाळभर त्याने मान वर केली नाही. सूर्य कलला तेव्हा पट्टी चार हात झाली होती. सहा हात हवी होती. त्याने रिवाजाप्रमाणे कडेला लाल गाठ मारली आणि फडके टाकले.

तात्या त्या दुपारी मडके घेऊन ओढ्याकडे गेले होते. नव्या पाण्यात रंग टिकतो का, ते पाहायचे होते. बाकीचे तिघे अंगणात. मायाप्पा बराच वेळ आपल्या सहाव्या मागावर बसला. उन्हे उतरल्यावर उठला. इकडे तिकडे पाहिले. फडके काढले, मागणीच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडले आणि धोटा हातात घेतला. दिवेलागणीपर्यंत दोन हात कापड झाले. त्याने पट्टी मागावरून उतरवली, घडी केली आणि पहिल्या पट्टीवर ठेवली. कित्येक दिवसांत त्याला एवढे हलके वाटले नव्हते.

फक्त कडेची लाल गाठ सोडायची राहून गेली. गाठ सोडायची ती गुरुवारी सकाळी, ही हातांची सवय. आणि हातांना तो बुधवारच वाटत होता.

गुरुवारी सकाळी दोन गाड्या दारात उभ्या राहिल्या. हवेत दव होते. बैलांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. शेठने एकेक घोंगडी उचलून, झटकून, गाडीवानाच्या हाती दिली. एकोणपन्नास झाल्या. हौसाक्का सुईत लोकरीचा दोरा ओवून शेवटच्या दोन पट्ट्या जोडायला बसली होती. दोन्ही कडा जुळवताना तिची बोटे थबकली.

“मायाप्पा, ही गाठ रे इथं कशी? विणीच्या शेवटाला असायची, ती मधेच.”

मायाप्पाने मान ताठ केली. लपवण्यासारखे त्याने काय केले होते? “काल दुपारी विणली पुढची. पन्नास भरायच्या होत्या.”

“काल दुपारी?” शेठ गाडीपाशी होता, तो दोन पावलांत ओसरीवर आला. “म्हणजे बुधवारी? वा रे पठ्ठ्या!” त्याने मायाप्पाच्या पाठीवर थाप मारली. “ऐकलंत का तात्या? तुमच्या बुधवारी माग चालतात की! आकाश कोसळलं नाही, मडकं फुटलं नाही. मग आता पुढच्या खेपेला पंचावन्न धरतो मी. आणि ठरीव मागणीचंही आजच बोलून टाकू.”

मायाप्पाला वाटले, आपण घर वाचवले. त्याने आनंदाने तात्यांकडे पाहिले.

तात्यांनी कोनाड्यातून लोकर कातरायची मोठी कात्री काढली. हौसाक्काच्या मांडीवरून पट्टी उचलली, लाल गाठ शोधली, कात्रीचे पाते त्या गाठीवर ठेवले आणि पट्टी आडवी कापली. दोन हात कापड खाली पडले. ते त्यांनी उचलून, घडी घालून मायाप्पाच्या हाती दिले.

“हे तुझं,” ते म्हणाले. “बुधवारचं आहे. शेठला देता येणार नाही.”

कोणालाच काही उमजेना. गाडीवानसुद्धा बैलांची वेसण धरून पाहत राहिला.

“तात्या!” शेठ जवळजवळ ओरडला. “तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? तयार माल होता!”

“तयार नव्हता. चार हातच तयार होता.”

“मग आता माझ्या पन्नास कशा भरायच्या?”

“मायाप्पा आज नवी पट्टी विणेल. मी गुरुवार म्हणालो होतो. गुरुवार दिवेलागणीपर्यंत आहे. थांबा, भाकरी खा, बैलांना वैरण घालतो. सांजेला पन्नासावी घेऊन जा.”

“माझ्या गाड्या दुपारच्या आत घाट चढल्या पाहिजेत. जत्रेतली जागा माझ्यासाठी राखून कोण ठेवणार?”

“मग एकोणपन्नास घेऊन जा.”

“आणि ठरीव मागणी?”

“तिच्यात बुधवारची दुपार असेल तर नको.”

शेठ रागाने हसला. “काय करता हो तुम्ही त्या दुपारी? नऊ वर्षं झाली, त्या मडक्यात साली उकळताय. हिरवा रंग! सापडला का? दोन पावसांत उडतोच ना? मग मिळवलंत काय?”

“हा प्रश्न या घरात विचारत नाहीत,” तात्या म्हणाले. “मागच्या वेळी तुम्ही पाहुणे होतात. आता तुम्हाला रीत माहीत आहे.”

शेठ गाडीत चढून बसला. गाड्या हलल्या. चाकांचा आवाज वळणापलीकडे विरला.

मग हौसाक्का म्हणाली, “तात्या, फाल्गुनात खायचं काय?”

“भाकरी.”

“किती?”

“थोडी कमी,” तात्या म्हणाले, आणि आपल्या मागाकडे निघाले.

पण मायाप्पाने त्यांची वाट अडवली. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. हातातली घडी त्याने अशी धरली होती की जणू ती त्यांच्या अंगावर फेकणार.

“मी काय चोरी केली, तात्या? खेळलो? झोपलो? दाट खळ लावली ती चूक माझी. ती माझ्याच वेळेतून भरून काढली. तुमचा शब्द राखायला बसलो होतो मी, आणि तुम्ही सगळ्यांसमोर कात्री लावलीत!”

“लावली.”

“तीन वर्षं मी त्या कोपऱ्यात बसतो. अकरा कापडं विणली, एक धड उघडलं नाही. सदतीस माणसांच्या घोंगड्या मी त्या कोपऱ्यात घातल्या. काल पहिल्यांदा माझ्या बुधवारातून कोणाच्या तरी अंगावर पडेल असं काही निघालं, आणि तेच तुम्ही कापलंत!”

तात्या ओसरीच्या कडेला बसले. त्यालाही बसायची खूण केली. तो बसला नाही.

“उभ्याने ऐक मग. महिन्यापूर्वी शेठ इथं उभा राहून बुधवार मागत होता. मी नाही म्हणालो. आज पुन्हा मागितला, पुन्हा नाही म्हणालो. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं रे. ते सोपं आहे. काल तुझ्याकडे कोणी मागितला होता?”

मायाप्पाने उगारलेली घडी खाली घेतली.

“कोणी नाही. तू आपल्या हाताने नेऊन दिलास. मग मी नाही कोणाला म्हणायचं? माळावरचं कुरण बघ. चार महिने राखतो आपण. बाहेरचा कळप आला तर कुत्री भुंकतात, माणसं काठ्या घेऊन धावतात. कळपांनी कुरण जात नाही. राखणदाराचीच एखादी मेंढी अडलेली असते, उपाशी असते. त्याला दया येते आणि तो वाटेवरचा काट्यांचा झापा जरा बाजूला करतो. त्या वर्षी कुरण जातं. कारण त्या वेळी कोणी भुंकत नाही.”

“पण मेंढी खरंच उपाशी असेल तर?”

“असतेच. कोणती मेंढी उपाशी नसते? तुझी पट्टी खरी होती आणि तुझी दया खरी होती, म्हणून तर कात्री घ्यावी लागली. तू झोपला असतास तर मी बोललोही नसतो. वाईट कारणासाठी गेलेली दुपार परत मिळते. माणसाला आपली आपण लाज वाटते. चांगल्या कारणासाठी गेलेली परत मिळत नाही. पाहिलंस ना, शेठने किती वेळ लावला? तू काल दोन हात दिलेस, त्याने आज वर्षभराचे बुधवार मोजले.”

मायाप्पाने घडीकडे पाहिले. आवाज उतरला होता, पण प्रश्न राहिला होता. “आणि माझं कापड कधी उघडलंच नाही तर?”

“नाही उघडणार. मग? उघडेल असं मी तुला कधी म्हणालो? माझा रंग दोन पावसांत उडतो, शेठने बरोबर सांगितलं. मी त्याला सांगू शकलो असतो, की थांब बाबा, या दुपारींतून उद्या काहीतरी मोठं निघेल. तो थांबला असता. व्यापारी वाट पाहतो. पण मग दर बुधवारी तो मनातून आपल्या पाठीशी उभा राहिला असता, निघालं का, निघालं का म्हणत. ती दुपार त्याचीच झाली असती. गुरुवार ते बुधवार सकाळ, मी त्याचा आहे. त्याच्या मापात, त्याच्या वेळेत. धागा ढिला पडू देत नाही. तेवढं देऊन झाल्यावर उरलेली दुपार कशासाठी आहे, हे त्याला सांगायला मी बांधलेला नाही. तूही नाहीस. स्वतःलासुद्धा नाही.”

एवढे बोलून तात्या उठले. “दिवस चढतोय. आज गुरुवार आहे. पट्टी लाव.”

मायाप्पाने ते दोन हात कापड आपल्या पिशवीत ठेवले. कालची उरलेली खळ त्याने हाताने चाचपून पाहिली, चुलीवर चढवली आणि पुन्हा शिजवून पातळ केली. नव्या ताण्याला ती सावकाश, टोकापासून टोकापर्यंत फासली. ऊन लागू दिले. मग खड्ड्यात पाय सोडून बसला. त्या दिवशी एकही धागा तुटला नाही. दिवेलागणीला सहा हातांची पट्टी मागावरून उतरली. हौसाक्काने ती आधीच्या पट्टीला जोडली आणि पन्नासावी घोंगडी ओसरीवर एकटीच ठेवली.

पौष शुद्ध चतुर्दशी, बुधवार. आभाळ निरभ्र, दुपारी वारा पडलेला. मायाप्पाने बाराव्या कापडातून वेताच्या काड्या काढल्या आणि ते उघडले. लांबीला ते साडेतीन हातांपर्यंत उघडले. पुढे चिकटलेले होते. पन्नासावी घोंगडी माघातल्या दुसऱ्या रविवारी गावच्या बाजारात गेली. ठरीव मागणी शेठने नदीपलीकडच्या कारखान्याला दिली. फाल्गुनात दोन माग बंद ठेवावे लागले. त्यांतला एक चैत्रात सुरू झाला, दुसरा श्रावणात. या सहा महिन्यांतल्या प्रत्येक बुधवारी दुपारी पाचही विणकर हजर होते.